ताईची साक्ष

प्राध्यापक पाण्याचा घोट घ्यायला थांबले, तेवढ्यात धाकटीने दोन्ही मनगटं झटकून घेतली. बोटं फुलवली, मिटली, पुन्हा फुलवली आणि हात सैल सोडले. पेला टेबलावर टेकल्याचा आवाज आला तसे ते हात आपणहून वर उठले. दिवसभरात त्यांना तेवढी सवय लागली होती.

नगरभवनाच्या सभागृहात ही तिसरी सुनावणी होती. शहराबाहेर फरश्यांचा मोठा कारखाना होता. पांढरा दगड कुटून त्याची पूड करायची आणि त्या पुडीच्या फरश्या नि वॉशबेसिनं दूरदूर पाठवायची, असा त्याचा धंदा. त्याला आता कुटाईचा दुसरा विभाग उभारायचा होता. परवानगी द्यावी की नाही, यावर कोणाला काय म्हणायचंय ते ऐकून घ्यायला सरकारने एक समिती बसवली होती. तिच्या अध्यक्षबाई मधोमध बसल्या होत्या, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी चष्म्याखालून डोळे चोळायला सुरुवात केली होती.

धाकटी व्यासपीठाच्या कडेला उभी होती. पहिल्या दोन रांगांत कुटाईतली माणसं बसली होती, आणि त्यांतल्या एकालाही ऐकू येत नव्हतं. सभागृहात बोलला जाणारा शब्द न् शब्द त्यांना खुणांनी सांगायचा आणि त्यांच्या खुणा सभागृहाला बोलून दाखवायच्या, हे तिचं काम. शहरात हे काम करणारी ती एकटीच. खरं तर असल्या लांबलचक सभेला दोघं लागतात, एकाने बोलावं नि दुसऱ्याने हात शेकावेत. पण दुसरं माणूस आणायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

कुटाईत सगळे बहिरेच कसे, याची हकिगत शहरात सगळ्यांना ठाऊक होती. तिथल्या यंत्रांचा आवाज असा, की चांगल्या कानाचा माणूस दोन-चार वर्षांत कामातून जायचा. मग मागे एका हुशार मॅनेजरला सुचलं की ज्यांना मुळात ऐकूच येत नाही त्यांनाच घ्यावं. बहिऱ्यांच्या शाळेतून मुलंमुली शिकून बाहेर पडत आणि त्यांना कोणी दारातही उभं करत नसे. त्यांना कायमची नोकरी मिळाली, सगळ्यांसारखा पगार मिळाला आणि घरच्यांसकट आरोग्य विमा मिळाला. वर्तमानपत्रांनी तोंड भरून कौतुक केलं, कारखान्याला कुठलासा पुरस्कारही मिळाला. दगडाच्या धुळीला मात्र कोणाचे कान कसे आहेत याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

प्राध्यापक अर्थशास्त्राचे होते आणि त्यांचं म्हणणं धाकटीला आता तोंडपाठ होतं, किंवा हातपाठ म्हणा. सरकारने सगळ्यांना आरोग्य विमा द्यायचा तर कर वाढवावे लागतील, कर वाढले की कारखाने दुसरीकडे जातील, कारखाने गेले की नोकऱ्या जातील, नोकऱ्या गेल्या की कर भरणार कोण आणि विमा देणार कोण. तेव्हा जो कारखाना पदरचा विमा देतोय त्याला धक्का लावू नये. मग डॉक्टर उठायचे. छातीचे डॉक्टर, उंच, चिडके, आणि बहुतेक वेळा बरोबर. माणूस आजारी पाडायचा नि मग त्याच्या औषधाचे पैसे आम्ही भरतो म्हणून मिरवायचं, याला विमा म्हणत नाहीत, असं ते म्हणायचे आणि टेबलावर मूठ आपटायचे. त्यांनी मूठ आपटायच्या आधीच धाकटीची मूठ वळलेली असायची. त्यांच्यामागून नदीकाठच्या वस्तीतल्या बाई, ज्यांचे दोरीवरचे कपडे वाळायच्या आधी पांढरे होत; मग झाडं वाचवणाऱ्या मंडळाचे तरुण; मग दुकानदारांचे पुढारी, ज्यांना धूळ चालत होती पण गिऱ्हाईक गेलेलं चालणार नव्हतं. रोज संध्याकाळी टीव्हीवर हेच चालायचं. फरक इतकाच की टीव्ही बंद करता येतो.

यातले निम्मे शब्द हातात धरता येत नसत. ‘धोरण’ म्हणायला या मंडळींकडे खूणच नव्हती, म्हणून ती ‘सरकारने ठरवलेला रस्ता’ असं दाखवायची. ‘पर्यावरण’ म्हणजे झाड, पाणी आणि वारा, एकामागून एक. विम्याला मात्र कुटाईतल्या लोकांनी आपली खूण काढली होती. उघडा पंजा डोक्यावर धरायचा, छपरासारखा. आज दिवसभरात तिने इतक्या वेळा डोक्यावर हात धरला होता की खांदा भरून आला होता.

जेवणाआधी कुटाईचा मुकादम बोलून गेला होता. तोही बहिरा, मिशाळ, धिप्पाड. दुभाष्याने बोलणाऱ्याच्याच तोंडाने बोलायचं असा नियम, म्हणून धाकटीने माईकवर सांगितलं, “मी कुटाईत मुकादमाचं काम करतो. मी इथेच म्हातारा होतोय.” बाईच्या आवाजात ‘करतो’ आणि ‘होतोय’ ऐकून मागच्या बाकांवर खसखस पिकली. तिने ती खसखसही मुकादमाला खुणेने सांगितली, कारण तोही नियमच. सभागृहात जे जे ऐकू येतं ते सगळं पोचवायचं, हसू असो, शिवी असो, नाही तर कोणाच्या खिशातला फोन असो. मुकादम खो खो हसला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

आता ताईची पाळी होती.

ताई तिची सख्खी थोरली बहीण. जन्मापासून ऐकू न येणारी. धाकटी बोलायला शिकायच्या आधी हातांनी बोलायला शिकली ती ताईकडून. आई कामावर गेली की घराचे कान म्हणजे धाकटी. दार वाजलं, दूध उतू जातंय, शेजारीण हाका मारतेय, सगळं तिने ताईच्या खांद्यावर टिचकी मारून सांगायचं. ताईची पावलं फार जोरात पडतात, ती भांडी आदळते, हेही तिनेच सांगायचं. ‘हळू’ ही खूण तिने आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा ताईसाठी केली असेल. ताई दर वेळी ऐकायची, म्हणजे तिच्या पद्धतीने ऐकायची. भांडं दोन्ही हातांनी धरून असं खाली ठेवायची की जणू आत झोपलेलं मूल आहे.

ताईचं लग्न शाळेतल्याच मुलाशी झालं. भाऊजींनाही ऐकू येत नव्हतं. चौकात त्यांचं घड्याळं दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. मग त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि दुकान बंद पडलं. आता आठवड्यातून ठरलेल्या दिवशी ते मोठ्या रुग्णालयात जायचे, तिथलं यंत्र त्यांचं रक्त धुऊन परत द्यायचं. हे सगळं ताईच्या विम्यातून. कारखान्याच्या कल्याण अधिकाऱ्याने साक्षीला ताईचं नाव सुचवलं ते उगाच नव्हे. कुटाईत सगळ्यात जुनी बाई ती, आणि योजनेने जगवलेला नवरा तिच्या घरात. याहून चांगली जाहिरात कुठे मिळाली असती?

धाकटीने समितीला आधीच कळवलं होतं की साक्षीदार माझी बहीण आहे, दुसरं कोणी मिळालं तर बरं. कोणी मिळालं नाही. मग गेल्या रविवारी तिने ताईलाच सांगून पाहिलं होतं की तू बोलू नकोस. तो रविवार तिच्या डोक्यातून जात नव्हता. सकाळी ती ताईकडे गेली होती, भाऊजी खिडकीपाशी पेपर वाचत बसले होते, आणि न्हाणीघरातून तो खोकला आला. कोरडा, खोल, जुन्या जिन्यावरून कोणी जड पेटी ओढत न्यावी तसा, आणि शेवटी एक बारीक शीळ. भाऊजींनी पान उलटलं. त्या घरात तो ऐकणारं कोणी नव्हतंच.

ताई टॉवेलने तोंड पुसत बाहेर आली तेव्हा धाकटीने विचारलं, हे कधीपासून. ताईने खांदे उडवले. कारखान्याचा डॉक्टर हवाबदलाने होतं म्हणतो, ती म्हणाली. कुटाईत सगळ्यांनाच असतं. बाहेरच्या डॉक्टरकडे गेलं तर तो छातीचा फोटो काढणार, फोटोत काही दिसलं की कारखाना कुटाईतून काढणार, आणि कुटाईतून काढलं की डोक्यावरचा पंजा गेला. मग तिने खिडकीकडे बोट केलं. भाऊजी शब्दकोडं सोडवत होते.

मुकादम काय नि बाकीचे काय, सगळ्यांच्या घरी थोडीफार हीच गत. त्यांनी आपसात बसून ठरवलं होतं की साक्षीत तब्येतीचं अवाक्षर काढायचं नाही. कारखाना हवा, विमा हवा, आम्ही मजेत आहोत, एवढंच सांगायचं. आणि ते सांगायला सगळ्यांनी मिळून ताईला निवडलं होतं.

अध्यक्षबाईंनी ताईला पुढे बोलावलं.

ताई उठली. तिने राखाडी कोट घातला होता, सगळी बटणं लावलेली. व्यवस्था पाहणाऱ्या माणसाने माईकची दांडी धाकटीसमोर आणून ठेवली. ताई शेजारी येऊन उभी राहिली, तिने एकदा दांडीकडे पाहिलं आणि ती धरून आपल्या बाजूला ओढून घेतली. मागे कोणी तरी हसलं. ऐकू न येणाऱ्या, न बोलणाऱ्या बाईला माईक कशाला, असं त्याच्या मनात आलं असणार. धाकटीला वाटलं, घाबरली आहे, काही तरी धरायला हवंय. ती स्वतः दोन पावलं ताईच्या जवळ सरकली म्हणजे आपला आवाज माईकमध्ये जाईल.

“मी कुटाईत काम करते,” धाकटीने ताईच्या हातांवर नजर ठेवून सुरुवात केली.

आज पहिल्यांदाच क्रियापद तिच्या तोंडात चपखल बसलं होतं, आणि त्यानेच ती जराशी बिचकली. मुकादमाचं ‘करतो’ बोलताना निदान आपण दुसऱ्याचं बोलतोय हे कळत होतं. इथे ते कळेना.

“शाळा सुटली त्या वर्षी लागले. त्याआधी मला कोणी काम दिलं नव्हतं. इथे दिलं. माझे मालक चांगले आहेत. मी दगड यंत्रात घालते आणि पूड पोत्यात भरते. पूड पिठासारखी असते. घरी गेल्यावरही केसांतून निघते.”

ताईचे हात सावकाश चालले होते. तिच्या खुणा नेहमीच नेटक्या, शाळेतल्या बाई तिला इतरांपुढे उभं करून दाखवायला सांगायच्या.

“मी ठणठणीत आहे. मला कसलाही त्रास नाही.”

धाकटीने हे वाक्य सपाट आवाजात म्हटलं. आणि ताई खोकली.

तिने तोंड बाजूला वळवलं नाही. रुमाल तिच्या डाव्या मुठीत होता, तो तिथेच राहिला. माईक तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता, आणि सभागृहाच्या चारही कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून तो खोकला एकदम बाहेर आला. जिन्यावरची ती पेटी आता शहरभर कोणी ओढत होतं. मग शेवटची शीळ, लांब, बारीक, आणि ती संपल्यावर श्वास आत घेतल्याचा आवाज, तो खोकल्याहून वाईट.

प्राध्यापक पेनाचं टोपण काढत-घालत होते, ते थांबले. मागच्या बाकांवरची कुजबुज बंद झाली. छातीचे डॉक्टर अर्धवट उठले होते, ते तसेच वाकून राहिले.

पहिल्या दोन रांगा मात्र जशा होत्या तशाच होत्या. त्यांना दिसलं ते इतकंच की ताई क्षणभर थांबली, खांदे हलले. तसे खांदे त्यांच्यात सगळ्यांचेच हलत. मुकादम मान डोलवत पुढच्या खुणेची वाट पाहत होता. चांगलं चाललंय, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

नियम धाकटीला ठाऊक होता. जे ऐकू येतं ते पोचवायचं. सभागृहात सुई पडली तर ऐकू येईल अशी शांतता पसरली होती, आणि ती कशाने पसरली हे त्या दोन रांगांना सांगणं तिचं काम होतं. तिने हात छातीपर्यंत उचलले. ताई समोर पाहत होती, बहिणीकडे तिने डोळा उचलूनही पाहिलं नाही. धाकटीचे हात तिथेच जरा वेळ राहिले आणि खाली आले.

अध्यक्षबाईंनी विचारलं, पाणी हवंय का. धाकटीने ते ताईला सांगितलं. ताईने नको म्हणून मान हलवली आणि पुढे बोलू लागली.

“माझ्या नवऱ्याची मूत्रपिंडं गेलीत. विमा नसता तर तो आज नसता. हे मी रोज स्वतःला सांगते. टीव्हीवर लोक म्हणतात कारखाना बंद करा. ते चांगले लोक असतील. पण ते माझ्या नवऱ्याला कुठे नेणार आहेत, हे कोणी सांगत नाही.”

पुन्हा खोकला आला. या वेळी तो लवकर संपेना. ताईने दोन्ही हातांनी माईकची दांडी धरली होती आणि तिचा चेहरा लाल झाला होता. एका बाईने मागून ‘अगं बाई’ म्हटल्याचं धाकटीला ऐकू आलं. ताई सरळ झाली, तिने दांडी सोडली, कोटाची बाही ठीक केली.

“आम्हाला कारखाना हवा. आम्हाला विमा हवा. आम्ही सगळे मजेत आहोत. एवढंच.”

पहिल्या दोन रांगांनी हात वर करून पंजे हलवले, ती त्यांची टाळी. त्यांच्यामागे कोणीही टाळी वाजवली नाही. मुकादमाने मागे वळून पाहिलं, मग धाकटीकडे पाहून भुवया उडवल्या.

“गप्प का सगळे?” त्याने खुणेने विचारलं.

“ऐकताहेत,” धाकटी म्हणाली.

ते खोटं नव्हतं.

डॉक्टर पूर्ण उठले आणि मला या साक्षीदाराला काही विचारायचंय, असं तावातावाने म्हणाले. अध्यक्षबाईंनी त्यांना हातानेच बसायला सांगितलं. त्यांनी स्वतः ताईला दोनच गोष्टी विचारल्या. कारखान्याचा डॉक्टर तपासतो का? दर वर्षी तपासतो, ताई म्हणाली. काय सांगतो? हवाबदल. अध्यक्षबाईंनी शेजारच्या दोघा सदस्यांशी डोकं जवळ नेऊन बोलणं सुरू केलं. ते बराच वेळ चाललं.

मग त्यांनी सांगितलं की परवानगीचा निर्णय आज होणार नाही. कुटाईत काम करणाऱ्या प्रत्येकाची छाती सरकारी रुग्णालयात बाहेरच्या डॉक्टरांनी तपासायची, येत्या सोमवारपासून सुरुवात करायची. तपासणीचं जे निघेल ते निघेल, पण समितीचा निर्णय होईपर्यंत यांपैकी कोणालाही कामावरून किंवा विम्यातून काढायचं नाही.

कारखान्याचे वकील उठले. त्यांचा सूर अगदी मऊ होता. बाईंनी स्वतः सांगितलं की त्या ठणठणीत आहेत, कसलाही त्रास नाही, आता यावर तपासणी कशासाठी, एवढीच त्यांची शंका होती.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मी ऐकलं,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांनीच ऐकलं.”

धाकटीने तेवढी दोन वाक्यं पहिल्या रांगांना नेमकी तशीच दिली. बोट कानाशी, मग हाताचं वर्तुळ सभागृहाभोवती. मुकादमाला ते पटलं. आपलं म्हणणं ऐकून घेतलं, असा त्याने अर्थ घेतला. तपासणी मात्र त्याला मुळीच पटली नाही. बाहेर जिन्यावर तो हातवारे करून करून थकला. आपण मजेत आहोत म्हटल्यावर छात्या कसल्या तपासतात, यात कोणाचा तरी डाव आहे, असं त्याचं म्हणणं. त्याचा कुटाईतलाच पोरगा म्हणाला, निदान काढणार नाहीत असं तरी बाई म्हणाल्या. निर्णयापर्यंत नाही काढणार, मुकादम म्हणाला, त्यापुढे? ताईने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले, म्हणजे तिच्या बाजूने बोलणं संपलं होतं.

कल्याण अधिकारी तिच्यापाशी आला. त्याचा चेहरा आंबलेला होता. त्याने जसं शिकवलं होतं तसंच ताई बोलली होती, शब्दही इकडचा तिकडे नव्हता. शेवटी तो धाकटीला म्हणाला की ताईंना आमच्याकडून धन्यवाद सांगा. धाकटीने सांगितले. ताईने मान लववली.

भाऊजींना आणायची वेळ झाली होती. दोघी बसने रुग्णालयाकडे निघाल्या. बसमध्ये ताई खिडकीला डोकं टेकून बसली, धाकटीचे हात मांडीवर पालथे पडले होते. तिला कोणाशीही, कोणत्याही भाषेत बोलायचं नव्हतं. समोरच्या सीटवरचे दोघं गृहस्थ पेपर उघडून कराबद्दल वाद घालत होते. त्यांचं म्हणणं कोणाला खुणांनी सांगायचं नाही, याचंच तिला सुख वाटलं.

रुग्णालयाच्या त्या मजल्यावर लांब व्हरांडा होता आणि भिंतीलगत खुर्च्या. आतल्या यंत्रांची घरघर दारातून ऐकू येत होती. आणखी थोडा वेळ लागेल, असं परिचारिकेने सांगितलं. दोघी खुर्च्यांवर बसल्या. ताईने कोटाची वरची दोन बटणं काढली आणि डोळे मिटले. धाकटीला वाटलं तिला झोप लागली.

मग तिच्या खांद्यावर टिचकी बसली.

“मोठा होता का?” ताईने विचारलं.

“माझा आवाज?” धाकटी म्हणाली. “माईक होता ना. पोचला सगळ्यांपर्यंत.”

ताईने मान हलवली. तुझा नाही, असं सांगून तिने दोन बोटं आपल्या छातीच्या मधोमध ठेवली, हलकेच दाबली आणि बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

आजवर धाकटीने ताईला प्रत्येक आवाजाबद्दल ‘हळू’ असं सांगितलं होतं, जिन्याबद्दल, भांड्यांबद्दल, दाराबद्दल. त्या खोकल्याबद्दल मात्र रविवारी तिने कधीपासून एवढंच विचारलं होतं. तो किती मोठा आहे, हे सांगायचं तिला धाडस झालं नव्हतं.

“हो,” ती म्हणाली. “मोठा होता.”

“मागच्या बाकांपर्यंत?”

“बाहेर जिन्यापर्यंत.”

बस वेळेवर आहे म्हटल्यावर माणूस मान डोलवतो तशी ताईने मान डोलवली. धाकटीच्या हातांत पुढचा प्रश्न आला होता, पण ताई तोवर उठली होती आणि मुकादमाला कळू द्यायचं नाही अशी खूण करून, ओठांवर बोट ठेवून, दाराकडे वळली होती.

आत भाऊजी पलंगावर उताणे पडले होते. डाव्या हातातून नळ्या यंत्राकडे गेल्या होत्या, तो हात हलवायचा नव्हता, म्हणून या वेळी ते नेहमी एका हाताने बोलत. त्यांचं बोलणं त्यामुळे तुटक व्हायचं. ताईला पाहून त्यांनी उजवा हात उचलला.

“झालं?”

“झालं.”

“काय सांगितलंस?”

“ठरलं होतं तेच. मी ठणठणीत आहे म्हटलं.”

“आणि ते?”

ताई यंत्राच्या काचेतून फिरणाऱ्या तांबड्या धारेकडे पाहत होती. तेव्हा धाकटीने सांगितलं की तपासणी करणार आहेत, सगळ्यांची, बाहेरच्या डॉक्टरांकडून.

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं, मग बराच वेळ बायकोकडे. घड्याळाचं झाकण उघडून आत काय बिनसलंय ते बघताना ते असेच बघत असत. धाकटीला वाटलं आता ते विम्याचं विचारतील. त्यांचा हात डोक्याकडे निघालाही, पण वाटेत थांबला, चादरीवर आला.

“कधी?” त्यांनी विचारलं.

“सोमवारी,” ताई म्हणाली.

भाऊजींनी पाय आखडून घेतले आणि तिला बसायला जागा करून दिली.